वस्तीची गाडी

सॉल्ट लेक सिटी
१५ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी खुशाल आहे. काल रात्री सुखरूप घरी आले. गाडीवर ओरखडा नाही, माझ्यावरही नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे आई पुढचं पत्र खाली बसून वाचेल.

फोन सोडून पत्र कशाला, असं बाळ्या म्हणेल. कारण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. मग आत्या मधेच विचारतात जेवलीस का, कुकरची शिट्टी होते, आणि मला सांगायचं ते राहतंच. शिवाय दसऱ्याला फोन लागलाच नाही. आई, तुझे अकरा मिस्ड कॉल मला रविवारी संध्याकाळी एकदम दिसले. रेंज नसेल हे निघताना सांगितलं होतं, दोन दिवस नसेल हे नव्हतं सांगितलं. चुकलं माझं.

आता अण्णांचा प्रश्न. "चांगली नोकरी आहे, मग लॉजवर का उतरत नाहीस, गाडीत काय झोपायचं?" अण्णा, तुम्हाला दोन शब्दांत समजेल. वस्तीची गाडी. तुम्ही नांदिवशाच्या वस्तीला जायचात ना, एसटीची शेवटची फेरी घेऊन, देवळासमोर गाडी लावून, सीटवर वळकटी टाकून, आणि पहाटे तीच गाडी वळवून पहिली फेरी काढायचात. तेच हे. फक्त या भाड्याच्या गाडीत सीटच्या जागी पलंग असतो, ओटा, शेगडी, फ्रिज आणि (आई, नाक मुरडू नकोस) संडास. तुम्ही जे पगारावर केलंत ते इथे लोक पैसे भरून करतात. मीही भरले. किती भरले ते शेवटी सांगते.

आणि नॅशनल पार्कात गर्दी असते, चोर असतात, असं जे कुणी तुम्हाला सांगितलं (मला माहीत आहे कुणी), त्यांना सांगा की गर्दीच्या जागा वेगळ्या. मागच्या वर्षी मेमध्ये ऑफिसच्या लोकांबरोबर झायनला गेले होते, तेव्हा फोटो पाठवले होते. त्या फोटोत जे दिसत नाही ते म्हणजे आत जाणाऱ्या बसची रांग. आषाढीची दर्शनबारी बरी, तिथे निदान कुणी अभंग तरी म्हणतं. झायनला २०२३ साली ४६ लाख माणसं आली. लाल डोंगर देखणे आहेत, पण डोंगरापेक्षा पुढच्याची पाठच जास्त वेळ बघितली.

तेव्हापासून मी उलट्या बाजूने शोधायला लागले. इथे ६३ नॅशनल पार्कं आहेत आणि लोक जातात त्यातल्या दहा-बारांत. ज्या पार्काचा फोटो कॅलेंडरवर नसतो, जवळ मोठा विमानतळ नसतो, फाटकाबाहेर हॉटेलांची रांग नसते, ते आधी बाजूला काढायचं. मग बघायचं की गाडी लावायच्या जागेवर विजेचं आणि पाण्याचं कनेक्शन मिळतं का. मिळत नसेल तर ती जागा आपली! कारण मोठ्ठ्या गाड्यावाल्यांना रात्रभर एसी, टीव्ही, मायक्रोवेव्ह लागतो, ते अशा ठिकाणी फिरकत नाहीत. आणि ऑक्टोबरात जायचं, शाळा चालू असताना. हे मला कुणी शिकवलं नाही, दोन उन्हाळे चुकीच्या ठिकाणी रांगा लावून शिकले.

तर या वेळी ग्रेट बेसिनला गेले. नेवाडा राज्यात, युटाच्या अगदी हद्दीला. १९८६ साली नॅशनल पार्क झालं. आत शिरायला तिकीट नाही. वर्षभरात सुमारे दीड लाख माणसं येतात, म्हणजे झायनला सरासरी बारा दिवसांत येतात तेवढी. जवळचं गाव बेकर, त्यात शंभर माणसंही नाहीत, आपल्या आळीत जास्त आहेत.

रस्ता असा आहे की अण्णा तुम्ही कंटाळला असतात. डेल्टा नावाच्या गावात टाकी भरायची, मग नेवाड्याच्या हद्दीपर्यंत जवळजवळ दीडशे किलोमीटर पेट्रोल पंप नाही, चहा नाही, घर नाही. सपाट पांढरं माळ, लांब डोंगर, आणि सरळ डांबर. या हायवे ५० च्या नेवाड्यातल्या पट्ट्याला एका मासिकाने १९८६ साली अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हणून नावं ठेवली, तर तिथल्या लोकांनी तेच नाव पाट्यांवर लावलं आणि त्यावर धंदा चालवला. समोरून वीस मिनिटांनी एक गाडी येते, आणि तिचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो. तुम्ही समोरच्या एसटीला करायचात तसंच. मीही उचलली.

माझी गाडी बावीस फुटी होती. मुद्दाम. कारण वर व्हीलर पीक नावाच्या शिखराच्या घाटात चोवीस फुटांपेक्षा लांब गाड्यांना बंदी आहे. बारा मैलांचा रस्ता, तीन हजार फुटांहून जास्त चढ, आणि चढाव कुंभार्लीची आठवण करून देणारा. एका बाजूला दरी, आणि कठडा बहुतेक ठिकाणी नाहीच (आई, रस्ता रुंद आहे). उतरताना मी तुमचं वाक्य मोठ्याने म्हटलं, "ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतर, ब्रेकवर पाय ठेवून उतरतो तो ड्रायव्हर नव्हे, पॅसेंजर." ऑटोमॅटिक गाडी असली तरी खालचा गिअर हाताने टाकता येतो. माझ्या पुढे एक जण उतरत होता, त्याच्या चाकांतून जळक्या ब्रेकचा वास येत होता. माझ्या नाही. हे तुम्ही डेपोत चारचौघांत सांगितलंत तर चालेल.

वर दहा हजार फुटांवर ब्रिसलकोन नावाची पाइनची झाडं आहेत, हजारो वर्षं जगणारी. उंच नाहीत, सुंदर तर नाहीतच, अर्धं अंग वाळून गेलेलं आणि सालीची एकच पट्टी जिवंत. दुसरं काही उगवत नाही अशा दगडगोट्यांत वाढतात म्हणूनच टिकतात म्हणे. १९६४ साली एका संशोधक विद्यार्थ्याने जंगलखात्याची परवानगी घेऊन यातलंच एक झाड तोडलं आणि मग खोडातली वर्तुळं मोजली, तर ते ४९०० वर्षांच्या आसपास निघालं. आई, तू वटपौर्णिमेला फांदी तोडून आणणाऱ्या बायकांवर चिडतेस ना, तशी मी उभ्या उभ्या चिडले. गुहा मात्र बघायची राहिली. लेहमन केव्ह्जची तिकिटं आधीच संपली होती.

अस्वलांचं विचारलं होतंत. ती तिथे नाहीत म्हणाले तरी चालेल. हरणं होती, आणि टर्की म्हणजे मोठ्या रानकोंबड्या, त्या सकाळी रांगेने माझ्या पायरीपुढून गेल्या. बाकीच्या जनावरांचं विचारू नका.

आता एक गोष्ट सविस्तर लिहिते, कारण फोनवर सांगितली तर आई म्हणेल, "बिचारी."

गाड्या लावायच्या मैदानाला एक 'होस्ट' असतो. म्हणजे राखणदार नव्हे, मालक नव्हे, सरकारी नोकर तर नव्हेच. बहुतेक वेळा म्हातारं जोडपं असतं. आमच्याकडचे दोघं सत्तरीच्या पुढचे. तो विजेच्या कंपनीत लाइनमन होता, ती शाळेत. त्यांची गाडी एसटीएवढी, आणि तिच्यामागे एक छोटी मोटार वासरासारखी बांधलेली. मे ते ऑक्टोबर ते या डोंगरात असतात, मग थंडीत ॲरिझोनाला. काम काय? सार्वजनिक संडास धुणं. शेकोटीच्या लोखंडी कड्यातली राख काढणं. खांबावर कुणाची जागा कधीपर्यंत आहे ती चिठ्ठी लावणं. रात्री दहानंतर कुणी गाणी लावली तर जाऊन "शांतता" म्हणणं, तेही इतक्या हळू की मलाच वाटलं ते चूक कबूल करतायत. पगार? शून्य. गाडी लावायला जागा फुकट, बस्स. पेन्शन आहे, बँकेत पैसे आहेत, तरी सकाळी सात वाजता तो माणूस रबरी हातमोजे घालून ब्रश घेऊन निघतो. आणि शीळ घालत!

आई, मुलांनी घराबाहेर काढलेलं नाही. मी विचारलं. म्हणजे मुलं कुठे असतात असं विचारलं. एक ओहायोत, एक फ्लोरिडात. घर यांनीच विकलं, सामान वाटून टाकलं. नाताळात भेटतात म्हणे. हे ती इतक्या सहज म्हणाली की आपण दूधवाला एक दिवसाआड येतो असं सांगतो ना, तसं. मला वाटलं होतं ती आतून रडत असेल. नव्हती रडत, चांगला केक खात होती. मलाही दिला. यांच्यात असं असतं, आणि यांना त्यात काही चुकतंय असं वाटत नाही, इतकंच मला सांगायचंय. आपण वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. मी दोन दिवस वाटून घेतलं आणि मग थांबले.

तिने मला उलट विचारलं, तुझे आईवडील कुठे? मी म्हटलं, घरी. तिने पुढचं असलं काही विचारलं नाही, आठवण येते का वगैरे. तिने विचारलं, "तुमच्याकडे पाऊस फार ना? मग त्यांची पन्हळ कोण साफ करतं?" मी म्हटलं, भाऊ. अण्णा, मला माहीत आहे कोण करतं. बाळ्याने जूनमध्ये पाठवलेल्या व्हिडिओत मागे शिडीवर तुमचे पाय दिसतात.

दसरा व्यवस्थित झाला. डेपोत खंडेनवमीला गाड्यांची पूजा व्हायची, झेंडूचे हार, केळीचे खुंट, आणि तुम्ही मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून हॉर्न वाजवू द्यायचात, ते सगळं सकाळी आठवलं. आईने पाठवलेल्या पुडीतलं हळदकुंकू स्टिअरिंगला लावलं, बॉनेटला लावलं. झेंडू नव्हता. लिंबू होतं, पण चाकाखाली घालायला धीर झाला नाही, पार्कात कचरा केला म्हणून दंड झाला असता. ते वरणावर पिळलं. देवाला चालेल. गाडी परत देताना काउंटरवरची मुलगी स्टिअरिंगकडे बघून म्हणाली, "हे मोहरीचं सॉस आहे का?" मी म्हटलं हो. काय सांगणार?

ओढ्याकाठी ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती. खरंच सोनं, आपट्याला लाजवील असं. पण पार्कातलं पानसुद्धा न्यायची परवानगी नाही. त्यामुळे यंदा मी सोनं कुणाला दिलं नाही.

शनिवारी रात्रीचंही लिहूनच टाकते, नाहीतर कधीतरी तोंडातून निघेल. फोनवर म्हटलं, थंडी मुळीच नव्हती. होती. सात हजार फुटांवर ऑक्टोबरात असणारच. गाडीतला हीटर गॅसवर चालतो पण त्याचा पंखा बॅटरीवर, आणि मी संध्याकाळभर दिवे लावून, लॅपटॉप चार्ज करून ती बॅटरी पार संपवली. पहाटे चारला पंखा बंद पडला. इंजिन चालू केलं असतं तर चार्जिंग झालं असतं, पण रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही असा नियम. तुमची मुलगी नियम मोडेल का? दोन स्वेटर घातले, आईची गोधडी गुंडाळली (हो, तीच, जुन्या नऊवारीची, ती मी कपाटात ठेवते असं वाटत असेल तर नाही), आणि दार उघडून पायरीवर बसले.

आणि तेव्हा 'आम्ही' नव्हतो. मी होते. त्या तेलुगू मैत्रिणीच्या मुलाला गुरुवारी रात्री ताप भरला आणि ती आली नाही. गाडीचे पैसे भरलेले, परत मिळत नव्हते. म्हणून एकटी गेले. वर 'आमच्याकडचे' असं जिथे लिहिलंय ते खोडत नाही, खाडाखोड दिसली की आई जास्त घाबरते. रागवायचं असेल तर पुढच्या फोनवर रागवा, पण स्पीकर बंद करून.

भीती नाही वाटली. पहिली दहा मिनिटं वाटली. दशमीचा चंद्र मावळून गेला होता. खरं तर अंधार बघायला जायचं तर अमावास्या बघून निघावं, हे आईला पटणार नाही आणि मलाही सुचलं नव्हतं. पण चंद्र गेल्यावर मृग नक्षत्र इतकं खाली आणि इतकं मोठं आलं की व्याधाचा बाण मोजून घ्यावा. ओढ्याचा आवाज सोडून काही नाही. फ्रिजची घरघर नाही, रस्ता नाही, कुत्रं नाही. अकरा जागांपैकी सहा-सातच भरलेल्या, आणि सगळे झोपलेले.

तिथे बसून मला एकच गोष्ट डोक्यात आली. अण्णा वस्तीला गेले की आई दाराला आतून कडी आणि वर उखळ लावायची. आम्हा दोघांना मधे घ्यायची आणि दिवा मालवायची नाही. आम्ही तुला कितीदा विचारलं, अण्णा कधी येणार. पण अण्णांना कधीच विचारलं नाही की त्या देवळासमोर गाडीत रात्री काय करायचात. झोप लागायची का? की तुम्हीही असे पायरीवर बसायचात? पुढच्या फोनवर सांगा.

रविवारी संध्याकाळी बेकरला खाली आले, कारण तिथे रेंज मिळते आणि पश्चिमेला आकाश मोकळं. त्या दिवशी धूमकेतू दिसत होता, सगळे खुर्च्या टाकून बसले होते. मीही बघितला, शेपूट स्पष्ट होती. आई, बाळ्याच्या लग्नाच्या आधी धूमकेतू म्हणून काही बोलू नकोस. तो सगळ्या जगाला दिसला, फक्त आपल्या घराला नाही.

सोमवारी टाक्या रिकाम्या केल्या. आई, एवढा परिच्छेद सोडून दे. अण्णा, खाली दोन टाक्या असतात, एक संडासाची, एक मोरीच्या पाण्याची. पार्काच्या तोंडाशी जमिनीत एक भोक असतं, तिथे जाडजूड पाइप जोडून आधी संडासाची सोडायची आणि नंतर मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. उलट केलं तर पस्तावाल. मी उलट नाही केलं. मागच्या रांगेतल्या माणसाने केलं.

आता पैशांचं. गाडी, पेट्रोल, विमा, जागा सगळं मिळून आठशे डॉलरच्या आत बसलं. अण्णा, ८४ ने गुणू नका. मी इथे ८४ ने गुणायला लागले तर चहासुद्धा पिणार नाही. वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी दीड लाख सोमवारी पाठवलेत, गुरुवारपर्यंत बँकेत यायला हवेत. ठेकेदाराला सगळे एकदम देऊ नका. २०२१च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं ती रेघ जिन्याच्या भिंतीवर आहे, तिच्यावरून रंग देऊ नका म्हणावं, राहू दे.

बाळ्याच्या लग्नाचं. माघातला मुहूर्त धरलात हे फार चांगलं केलंत. हॉलचा उरलेला ॲडव्हान्स मी देते. पण मी येईन असं कुणाला अजून सांगू नका. नोकरी बदलली तेव्हा माझे कागद नवे झाले, पण पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का जुना, मुदत संपलेला. इथे राहायला चालतो. बाहेर पडलं तर परत यायला नवा शिक्का मुंबईत घ्यावा लागतो, आणि तो लगेच मिळेल की दोन महिने अडकून पडेन हे कुणी लिहून देत नाही. ऑफिसने दोन आठवड्यांवर रजा नाही म्हटलंय. तारीख शोधते आहे, रोज सकाळी उठून शोधते. चार दिवस जंगलात जायला वेळ मिळाला आणि भावाच्या लग्नाला नाही, असं आत्या म्हणतील. म्हणू द्या. जंगलात जायला शिक्का लागत नाही.

आणि पुण्याच्या त्या मुलाचं. बायोडेटा वाचला. वाईट काही नाही. त्याने छंदात 'प्रवास' लिहिलंय, सगळेच लिहितात. माघापर्यंत थांबा. धाकट्याचं आधी होतंय म्हणून लोक विचारतील, तर सांगा ती मोठी गाडी चालवते, वळवायला वेळ लागतो. आई, हसलीस ना? हसलीस तर बरं.

उद्या तुमच्याकडे कोजागिरी. दूध आटवताना माझ्या वाट्याचं बाळ्याला द्या, त्याला सवय व्हायला हवी दोघांचं पिण्याची.

तुमची,
चिंगी

ता. क. पाकिटात एक पान आहे. मी तोडलं नाही, उचललंही नाही. गाडी परत देताना पायरीच्या फटीत अडकलेलं निघालं. पोचेपर्यंत तपकिरी होईल. आईने ते अण्णांच्या हातात द्यावं आणि शिडी आत्यांच्या खोलीत ठेवून कुलूप लावावं.